उमेदवारी

'उमेदवारी' या शब्दाचं आपण मराठी माणसांनी पार वाटोळं केलं आहे. पूर्वी उमेदवारी म्हणजे शिकाऊपणा. पोरगा वकिलाकडे, वैद्याकडे, नाहीतर एखाद्या पेढीवर उमेदवारी करायचा. म्हणजे चहा आणायचा, मालकाच्या मुलाला शाळेत पोचवायचं आणि उरलेल्या वेळात जमेल तेवढी विद्या चोरून शिकायची. आता उमेदवारी म्हटलं की अर्ज भरणं आणि डिपॉझिट जप्त होणं एवढंच आठवतं. शब्द असा निवडणुकीला उभा राहिल्यामुळे त्याची मूळ जागा रिकामी पडली, आणि तिथे 'इंटर्नशिप' ही बाई येऊन बसली.

आमच्या बँकेत याच गोष्टीला प्रोबेशन म्हणतात. मी लागलो तेव्हा सहा महिने प्रोबेशनवर होतो. त्या काळात मला टाचणी कुठे मारायची आणि कुठे मारायची नाही, एवढं एक शास्त्र शिकवण्यात आलं. बी.कॉम.चे उरलेले ज्ञान त्यामुळे अजून कोरे करकरीत शिल्लक आहे.

सांगायचा मुद्दा असा, की आमचे हेडकॅशियर एके दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि म्हणाले, "मुलगी इंटर्नशिपला लागली."

"कुठे?"

"इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीत."

शाखेत एकदम शांतता पसरली. मिनिस्ट्रीत! ज्या महाड शाखेतल्या कुणाची ओळख तहसील कचेरीतल्या शिपायापलीकडे नव्हती, तिथल्या कॅशियरची मुलगी थेट मंत्रालयात! पेढे संपायच्या आत कर्जविभागाने आपल्या मेव्हण्याच्या बदलीचा कागद पुढे केला. आमच्या शिपायाने गावच्या रस्त्यातल्या खड्ड्यांची संख्या सांगितली. एक पेन्शनर काउंटरवरून हे ऐकत होते. त्यांनी पेढा न मागताच घेतला आणि "माझं एक जुनं प्रकरण आहे," म्हणून खुर्ची ओढली.

हेडकॅशियरांनी खुलासा केला तेव्हा निम्म्या लोकांच्या तोंडातला पेढा कडू झाला. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण त्यांच्या तोंडी अजून नगरच. घराणं तीन-चार पिढ्यांचं मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली आणि तिथून 'ज्ञानोदय' निघालं १८४२ साली, हे त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ. मराठी असं चोख, की आमच्या मॅनेजरांनी लावलेल्या सूचनेतले ऱ्हस्व-दीर्घ ते लाल शाईने दुरुस्त करतात. तर त्यांनी सांगितलं, की ख्रिस्ती मंडळीत मिनिस्ट्री म्हणजे सेवा. कुणी गाऊन करतो, कुणी दवाखाना चालवून करतो, हे लोक नकाशे काढून करतात. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळी गरीब देशांत जातात आणि तिथल्या दवाखान्यांचे, शाळांचे, पाणीयोजनांचे आराखडे फुकट करून देतात. अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेली इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल ही यातली नावाजलेली संस्था. मुलीची त्याच धर्तीवरची होती. आधी काही महिने कचेरीत शिकायचं, मग वरिष्ठांबरोबर परदेशी एका प्रकल्पावर जायचं. हिच्या वाट्याला युगांडा आला होता.

"पगार?" कर्जविभागाने विचारले.

"पगार नाही. उलट प्रवासाचे पैसे आपणच उभे करायचे."

हे मात्र मला वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून फार लागलं. काम करायचं, पगार घ्यायचा नाही, आणि वर काम करण्याबद्दल आपणच भरणा करायचा! डेबिट-क्रेडिटच्या कुठल्याही पुस्तकात ही नोंद बसत नाही. पण ती मुलगी नातेवाइकांना, ओळखीच्यांना, गावोगावच्या मंडळ्यांना पत्रं लिहीत होती, आणि पन्नास, शंभर, पाचशे असे पैसे जमत होते. दिवसाकाठी लाखांची मोजदाद करणारे आमचे हेडकॅशियर ते पन्नास रुपये दोनदा मोजत. बँकेच्या नोटा मी त्यांना कधी दोनदा मोजताना पाहिलेलं नाही. घरच्या खात्यातून त्यांनी बरंच काढलं होतं, हे मला ठाऊक होतं, कारण स्लिप माझ्याच हातून गेली. अजून बरंच कमी पडत होतं, हेही ठाऊक होतं. तिची आई तर म्हणत होती, की पैसे जमले नाहीत तर बरंच होईल. एवढी लांब एकटी पोर.

संस्थेतल्या वरिष्ठांनी तिला सांगितलं, की विमानात बसण्याआधी एखाद्या डोंगराळ खेड्यात आठ दिवस राहा, सगळी मोजमापं स्वतः कर, लोकांशी बोल आणि रिपोर्ट लिही. म्हणजे रंगीत तालीम. हेडकॅशियर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं पाचाड आहेच."

पाचाडला न आलेल्या वाचकांसाठी थोडी माहिती. महाडपासून पंचवीसेक किलोमीटर, रायगडाच्या पायथ्याला. शाळेच्या सहली आमच्या दारावरून गडाकडे जातात, पाचाडला थांबतात त्या जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी. ६ जून १६७४ ला वर राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला खाली पाचाडला त्या गेल्या. गडावरची हवा मानवेना म्हणून महाराजांनी आईसाठी खाली वाडा बांधला, असं सांगतात. १९९६ पासून गडाला रोपवे आहे, त्यामुळे आता पायथ्याला थांबण्याचंही कुणाला कारण उरलेलं नाही. पाऊस म्हणाल तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. आणि एप्रिल आला की आमच्या वाडीवर टँकर.

मुलगी आली ती एप्रिलातच. पाठीवर भली थोरली सॅक, हातात तिकाटणं, गळ्यात टेप. आमच्या आईने दारातच विचारलं, "सर्कशीतली का?"

आईचं वय पंचाहत्तर. तिच्या मनात दुसरीच शंका होती, ती रात्री भाकऱ्या थापताना बाहेर पडली.

"काय गं, लोकांना बाटवायला चाललीस का तिकडे?"

मी ठसक्याचं निमित्त करून पाणी प्यायलो. पण मुलगी नगरची. ती चुलीपाशी सरकून बसली आणि म्हणाली, "नाही आजी. मी दवाखान्याच्या संडासाच्या टाकीचा नकाशा काढायला चाललेय."

आईने थोडा विचार केला. "मग जा," ती म्हणाली. "ते काम कोण करतंय!"

त्या क्षणापासून दोघींची युती झाली ती शेवटपर्यंत. मी माझ्याच घरात विरोधी पक्षात गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरेल की नाही हे ठरवायला जमिनीत खड्डा घेतात, त्यात पाणी भरून ठेवतात, जमीन चांगली भिजली की पुन्हा पाणी ओततात आणि पातळी किती वेळात किती उतरते ते घड्याळ लावून मोजतात. शास्त्रशुद्ध पद्धत आहे. फक्त ती ज्याने काढली तो एप्रिलात आमच्या वाडीला आलेला नसावा. मुलगी दोन बादल्या पाणी घेऊन परसात निघाली तेव्हा आमची ही, म्हणजे तिची काकू, ओट्यावरून खाली उतरली, शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या, आणि पाण्याकडे बघत सगळ्या बायका अशा उभ्या राहिल्या, की मुलीने बादल्या खाली ठेवल्या.

"पाणी मुरतं का बघायला पाणी ओतायचं?" आई म्हणाली. "अगं, आमच्या डोळ्यांदेखत मुरतं, तेच बघत म्हातारी झाले. लिही, की मुरतं."

शेवटी माझ्या आंघोळीच्या पाण्यावर तडजोड झाली. शास्त्राला स्वच्छ पाणी चालतं, पण शास्त्रापुढे इलाज नव्हता. दोन दिवस मी परातीत उभं राहून आंघोळ केली आणि ते पाणी युगांडाच्या कामी आलं. आंतरराष्ट्रीय सहकार्यात माझा एवढा एकच वाटा आहे. तो नम्रपणे नोंदवून ठेवतो.

मग तिने चार पानी फॉर्म काढला. फॉर्म म्हटल्यावर मला जरा माहेरी आल्यासारखं झालं. पण आमच्या फॉर्ममध्ये माणसाला 'तुझा पत्ता काय' याच्या पलीकडे काही विचारत नाहीत. हिच्या फॉर्ममध्ये होतं: पाणी कोण भरतं? किती वाजता उठतं? किती खेपा? भांडण कशावरून होतं? आणि एक प्रश्न असा होता, की या पाणवठ्यावर कोण येत नाही?

"आता सगळे येतात," आई म्हणाली. मग भाकरी उलटायला लागणाऱ्या वेळाइतकी गप्प राहिली आणि म्हणाली, "तेव्हा नव्हते येत. माझ्या सासूच्या वेळी. लांब उभे राहायचे, कुणी घातलं तर न्यायचे."

मुलीने ते लिहून घेतलं. वर न बघता म्हणाली, "आमचे पणजोबा असेच उभे राहायचे, आजी. आमच्याकडच्या गावात."

आईने तिच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी घातली.

रविवारी मी तिला महाडला चवदार तळं दाखवायला नेलं. २० मार्च १९२७ ला डॉक्टर आंबेडकरांनी जिथे ओंजळीने पाणी घेतलं ती जागा. मला वाटलं, ती फोटो काढील. ती पायऱ्या मोजत बसली. आमचे हेडकॅशियर बरोबर होते. रस्त्याने सगळ्यांच्या व्याकरणाच्या चुका काढणारे ते गृहस्थ तिथे अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत.

पाचाडच्या वाड्यातली तक्क्याची विहीरही तिने पाहिली. विहिरीच्या काठाशी दगडी तक्क्या आहे. महाराज तिथे टेकून बसत आणि पाण्याला येणाऱ्या बायकांची गाऱ्हाणी ऐकत, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इतिहाससंशोधकांनी याचं काय करायचं ते करावं. मुलगी त्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "काका, आमच्या ट्रेनिंगचा पहिला धडा हाच आहे. चार दिवस पाणवठ्यावर बसा आणि ऐका. त्यासाठी केवढी फी घेतात!" मी तिला मग वर गडावर नेलं आणि जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवरचं हिरोजी इंदुलकरांचं नाव दाखवलं. एवढी राजधानी उभी केली आणि नाव कोरलं ते पायरीवर, सेवेला तत्पर म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे ही पण मिनिस्ट्रीच." हेडकॅशियरांच्या मुलीने शब्दाचा अर्थ असा सोडवून दाखवला, तर आमच्या शाखेला तो आठ दिवस लागला होता.

आता हातपंपाकडे येतो, कारण खरी हकिकत तिथे आहे.

आमच्या वाडीच्या तोंडाशी एक हातपंप आहे. दोन वर्षं तो बंद होता. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याचा एन.पी.ए. झाला होता. दांड्यावर कुणी ना कुणी गोधडी वाळत घालायचं. मी लहानपणापासून तो बघतोय, पण त्याला काही कुळकथा असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मुलीने त्याच्या डोक्यावर थाप मारली, आपल्या चुलत्याच्या पाठीवर मारावी तशी, आणि म्हणाली, "हा आमच्यातलाच आहे."

तिने सांगितलेली हकिकत अशी. खेड्यापाड्यांत पूर्वी बिडाचे हातपंप बसवत. ते मूळचे परदेशातल्या शेतघरांसाठी काढलेल्या पंपांच्या नकला. तिकडे एका घराने दिवसातून चार बादल्या काढायच्या. इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्याला लोंबकळणार. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. पण काही ठिकाणचे पंप मोडत नव्हते. ते कुठले, तर जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने बसवलेले आणि सोलापूरला सोलापूर वेल सर्व्हिसने बसवलेले. मिशनच्या आवारातल्या वर्कशॉपमध्ये तेल-काजळीत हात बुडवून कुणीतरी पोलादी पंप घडवला होता, आणि सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी लावली होती. तो सोलापूरचा पंप पायाला धरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून इंडिया मार्क टू नावाचा पंप सिद्ध केला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो कारखान्यातून बाहेर पडू लागला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे पन्नासेक लाख पंप झाले.

म्हणजे पाहा. जालना-सोलापूरकडचा हा पंप पासपोर्ट-व्हिसाशिवाय पन्नास लाखांच्या संख्येने जग फिरून आला, आणि आमच्या हेडकॅशियरांच्या एका मुलीला युगांडाला पाठवायला पैसे कमी पडत होते.

मुलीने पंचायत समितीत तीन अर्ज केले. अर्ज इतके शुद्ध मराठीत होते, की दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं. चौथ्या दिवशी दुरुस्तीची गाडी, तिवई आणि माणसं आली. या मार्क टूची एक खोड आहे. खालची चामड्याची चकती झिजली तरी वरचे सगळे पाइप उपसून काढावे लागतात, आणि ते गावच्या माणसांना झेपत नाही. म्हणून पुढे मार्क थ्री काढला, पण आमच्या नशिबी टू. दोन तास पाइप निघत होते. बायका हंडे घेऊन उभ्या. चकत्या बदलल्या, पाइप परत सोडले, साखळीला ग्रीस लावलं. मुलीने दांडा मारला. खळखळ आवाज आला, आणि पाणी! शेजारच्या वहिनींनी नारळसुद्धा फोडला.

अकरा हंडे भरले. बाराव्याला नुसती हवा.

पंप ठणठणीत होता. खाली पाणीच नव्हतं. मुलीने समजावून सांगितलं, की आमचा सगळा काळा कातळ. त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये, आणि उताराने वाहून सावित्रीला मिळतं. मला हे चटकन कळलं. ठेवी भरपूर, पण सगळ्या चालू खात्यात. चार महिन्यांत रक्कम उचलली जाते आणि उन्हाळ्यात चेक परत. जूनमध्ये हाच पंप धो धो चालेल, तेव्हा गावाला पंप नको असतो, छत्री हवी असते.

त्या रात्री ती जेवली नाही. विमानाची तारीख तीन आठवड्यांवर. आईने तिला उठवलं नाही, समजावलं नाही. फक्त पहाटे तीनला कंदिलाऐवजी माझा मोबाइल पेटवून म्हणाली, "चल, झऱ्यावर जाऊ. तुझी बादली घे."

वाडीच्या वर एक झरा आहे. दिवसा तिथे रांग असते, म्हणून मुलीने तो दिवसाच मोजला होता. आईचं म्हणणं, रात्री तो एकटा वाहतो. तो आवाज तिला सत्तावन्न वर्षं अंथरुणात ऐकू येतो आहे. दोघी पहाटेपर्यंत पंधरा लिटरची बादली लावून बसल्या. बादली भरायला पन्नास सेकंद, पुन्हा पुन्हा पन्नास सेकंद. सकाळी तो कागद माझ्यापुढे आला. आमचा सगळा जन्म असल्या त्रैराशिकात गेलेला. रात्री दहा ते पहाटे पाच, सात तास. पाचशे चार बादल्या. साडेसात हजार लिटरच्या वर पाणी रोज रात्री कुणालाही न विचारता ओढ्याला जात होतं, आणि आम्ही टँकरला वीज-बिलासारखी वाट बघत बसलो होतो.

रिपोर्टात तिने पहिली शिफारस तीच केली: झऱ्याखाली टाकी. ग्रामपंचायतीने ठराव केला. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे काय, हे माहीत असलेल्यांना सांगायला नको आणि नसलेल्यांना सांगून पटायचं नाही. म्हणून बायकांच्या बचत गटाने हजार-हजार लिटरच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्या घेतल्या. कर्जाचा फॉर्म मीच भरला. 'कर्जाचे प्रयोजन' या रकान्यात मी 'रात्र साठवणे' असं लिहिलं होतं. मॅनेजरांनी ते खोडायला लावलं.

बाकीचं साडेपाच हजार अजून वाहतंय. पहिलं कर्ज फिटलं, की बघू.

मुलीचे पैसे जमले. शेवटची रक्कम कुठून आली हे हेडकॅशियर सांगत नाहीत, पण त्या आठवड्यात आमच्या आईने पोस्टातलं खातं बंद केलं होतं आणि कुणी विचारलं तर पोस्टातलं व्याज परवडत नाही म्हणत होती. बँकेतल्या माणसाच्या आईने पोस्टाची अशी निंदा करावी, यात मला संशयास्पद काही दिसलं नाही. मी रीतसर दुर्लक्ष केलं.

मेमध्ये ती गेली. दहाव्या दिवशी माझ्या फोनवर फोटो आला. लाल माती, केळीची झाडं, पिवळे डबे घेऊन बायकांची रांग, आणि रांगेच्या टोकाला आमचा हातपंप! तेच डोकं, तोच दांडा, तीच साखळी. युगांडात त्याला यू-टू म्हणतात, असं तिने खाली लिहिलं होतं. शाखेत तो फोटो सगळ्यांनी बघितला. हेडकॅशियरांनी चष्मा पुसून बघितला आणि 'हातपंप' हा शब्द मी फोटोखाली नीट लिहिला आहे ना, याची खात्री करून घेतली.

संध्याकाळी आईला दाखवला. तिने तो उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि सगळ्यांत आधी दांडा बघितला. दांड्यावर गोधडी नव्हती.

"पाणी येतं का विचार," ती म्हणाली.

मी विचारलं. "येतं," असं उत्तर आलं.

"ती काय, बरं वाटावं म्हणून सांगेल. असं विचार, की रांगेत भांडणं होतात का?"

जरा वेळाने उत्तर आलं: "रोज होतात, आजी. आज एकीने दुसरीचा डबा फेकला."

"मग आहे पाणी," आई म्हणाली आणि भाकरी थापायला उठली.